आधी शोधा, मग पुसा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. पुष्कळ जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. म्हणून आमच्या पुतण्याने घरच्या संगणकावर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसविले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो फक्त लिनक्सच उघडते, विंडोजचा पत्ता नाही! आमच्या दिवंगत वडिलांनी गणेश चतुर्थीला गायिलेल्या झाकरीचे ध्वनिमुद्रण त्यातच होते. दुकानदार म्हणाला, “सगळे पुसून नव्याने बसवा.” आई म्हणाली, “आधी शोधा, मग पुसा.”

वाचकहो, आईचे म्हणणे अगदी बरोबर होते. हल्लीच्या यूईएफआय पद्धतीच्या संगणकात डिस्कवर एक लहान सामाईक विभाग असतो. प्रत्येक प्रणाली आपली सुरुवातीची फाइल तेथे ठेवते. शाळेच्या फाटकावरील वर्गांच्या यादीतून एक नाव गळले, म्हणून वर्ग नाहीसा होत नाही. तसेच हे आहे.

प्रथम आम्ही लिनक्समधून विंडोजचा विभाग उघडून पाहिला. ध्वनिमुद्रण जागेवर होते. ते लगेच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. मग संगणक सुरू होतानाच एफ१२ कळ दाबली; काही यंत्रांत ती एफ९ किंवा एस्केप असते. यादीत “विंडोज बूट मॅनेजर” दिसले. ते निवडताच विंडोज उघडले.

दोष कोठे होता? लिनक्सची निवडयादी ग्रब हा प्रोग्राम दाखवितो. २०२१ साली आलेल्या त्याच्या २.०६ आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारे ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद ठेवलेले असते. ते सुरू करून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिली आणि दोन्ही नावे यादीत आली.

कधी उलटही घडते. विंडोज मागाहून बसविले, तर ते स्वतःला पहिला क्रमांक देते व लिनक्स दिसेनासे होते. तेव्हा संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलावा. दोन्ही प्रणाली यूईएफआय पद्धतीनेच बसवाव्यात. एक जुन्या पद्धतीने बसविली, तर त्या एका यादीत येत नाहीत. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली आधीच कागदावर लिहून ठेवावी.

त्या संध्याकाळी वडिलांची झाकरी घरात पुन्हा ऐकू आली. पुतण्या म्हणाला, “काका, आजीचेच खरे झाले.”