ॲपमध्ये माणूस किती हवा?

इराक आणि अफगाणिस्तानात लढलेल्या अमेरिकन पायदळाच्या तुकड्यांची एक पाहणी २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. चार्ल्स होग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या पाहणीत एक साधा प्रश्न होता : मानसोपचार घ्यायला जाण्यात अडचण काय वाटते? ज्यांना खरोखर त्रास होत असल्याचं उत्तरांवरून दिसत होतं, त्यांच्यातले ६५ टक्के म्हणाले की लोक आपल्याला कच्चा समजतील. ६३ टक्क्यांना वाटत होतं की वरिष्ठांची आपल्याकडे बघायची नजर बदलेल. तुकडीतल्या सोबत्यांचा आपल्यावरचा भरवसा उडेल, अशी धास्ती ५९ टक्क्यांना होती. प्रत्यक्षात कुणाची ना कुणाची मदत घेतलेले निघाले जेमतेम २३ ते ४० टक्के.

थोडक्यात, दवाखाना होता, डॉक्टर होते, आणि लष्कराच्या बाबतीत पैशाचाही प्रश्न नव्हता. अडत होतं ते दारापाशी. शिवाय अमेरिकेतले सुमारे एक चतुर्थांश माजी सैनिक ग्रामीण भागात राहतात. त्यांच्यातल्या अनेकांना आठवड्याला तासाभराच्या भेटीसाठी अख्खा दिवस गाडी हाकावी लागते. मग उपचारच घरी पाठवला तर? कुणी बघणार नाही, रजा टाकावी लागणार नाही, रात्री दोन वाजता झोप उडाली तरी तो हाताशी असेल. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या कल्पनेवर बरंच काम झालं आहे. ते चाळताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. रुग्णानं आपल्या आपण घ्यायच्या या उपचारात दुसरा माणूस किती लागतो? अजिबात नसला तर चालतं का?

दार टाळून उपचार देण्याची धडपड इंटरनेटच्याही आधीची आहे. १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले, युद्धाविरुद्ध उभे राहिलेले काही सैनिक आपसात जमून बोलू लागले. सरकारी इस्पितळावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शातान हे मनोविकारतज्ज्ञ या बैठकांना जाऊन बसत. १९७९मध्ये सरकारनंच 'व्हेट सेंटर्स' सुरू केली. ती मुद्दाम इस्पितळांपासून लांब, बाजारपेठेतल्या साध्या गाळ्यांमध्ये होती. पुढच्याच वर्षी, १९८०मध्ये, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-संहितेत या आजाराला अधिकृत जागा मिळाली : आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी. १९८८मध्ये व्हिएतनाममधल्या सैनिकांचा राष्ट्रीय अभ्यास संसदेसमोर आला. तिथे लढलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार झाला होता, आणि १५ टक्क्यांना तो तेव्हाही होता. युद्ध संपून तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

घरी पाठवायचा उपचार नेमका कोणता, हे समजायला आजाराची मेख समजून घ्यावी लागते. ती मेख टाळण्यात आहे. इराकमध्ये रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पिशवीत बॉम्ब असायचा. तिथं ट्रक चालवलेला माणूस टेक्सासमधल्या हायवेवर पिशवी दिसली की गाडी झटकन पलीकडच्या लेनमध्ये घालतो. क्षणभर बरं वाटतं. त्या बरं वाटण्यातून मेंदू शिकतो की आपण वळलो म्हणून वाचलो. मग हायवे सुटतो, मॉलमधली गर्दी सुटते, दिवाळीसारखेच त्यांचे चार जुलैचे फटाके सुटतात. आठवण मात्र सुटत नाही, कारण तिच्याकडे सरळ बघितलेलंच नसतं.

एड्ना फोआ यांची 'प्रोलाँग्ड एक्स्पोजर' आणि पॅट्रिशिया रेसिक यांची 'कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी' या दोन पद्धती टाळण्याची ही गाठ सोडवतात. पहिलीत आठवण पुन्हा पुन्हा सांगायची, आणि सुरक्षित असूनही टाळलेल्या जागी पायरीपायरीनं जायचं. दुसरीत 'चूक माझीच होती', 'कुणाचाच भरवसा नाही' असे मनात घट्ट बसलेले निष्कर्ष कागदावर मांडून तपासायचे. दोन्हींत गृहपाठ भरपूर असतो. सत्रात तास जातो, खरं काम आठवडाभर घरी चालतं. म्हणूनच हा उपचार संगणकावर नेता येईल, असं संशोधकांना वाटलं.

सुरुवात ॲमस्टरडॅममध्ये झाली. आल्फ्रेड लांगे यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'इंटरॅपी' उभी केली. पाच आठवड्यांत पंचेचाळीस मिनिटांची दहा लेखनसत्रं. आधी प्रसंग जसाच्या तसा लिहायचा, मग त्याच्याकडे वेगळ्या बाजूनं बघायचं, शेवटी पत्र लिहून त्याचा निरोप घ्यायचा. रुग्ण आणि डॉक्टर एकमेकांचं तोंड बघत नसत, पण लिहिलेलं वाचून उत्तर देणारा माणूस पलीकडे होता.

सैनिकांसाठी पहिला नावाजलेला प्रयोग ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांचा, २००७चा. त्याचं नाव 'डी-स्ट्रेस'. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात पेंटॅगॉनमध्ये सापडलेले आणि इराक-अफगाणिस्तानातून आलेले ४५ जण त्यात होते. सुरुवातीला थेरपिस्टशी एक प्रत्यक्ष भेट, पुढे आठ आठवडे संकेतस्थळावर. रोज लॉग-इन करून त्रासाची नोंद, श्वासाचे व्यायाम, टाळलेल्या गोष्टींची चढती यादी आणि शेवटच्या टप्प्यात प्रसंगाचं लेखन. अडलं तर फोन किंवा ईमेल. दुसऱ्या गटाला इंटरनेटवरूनच, पण नुसता आधार देणारं समुपदेशन मिळालं. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा डी-स्ट्रेस पूर्ण केलेल्यांपैकी एक तृतीयांश जण बऱ्यापैकी सावरलेले होते.

याच पद्धतीची पुढची चाचणी २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. या वेळी ती सर्वसाधारण दवाखान्यांतल्या ८० रुग्णांवर, नर्सच्या मदतीनं केलेली होती. बाराव्या आठवड्यात फरक ठळक होता : नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त गुणांनी लक्षणं उतरली होती. अठराव्या आठवड्यापर्यंत तो फरक पुसला गेला. आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसली. ज्यानं जास्त वेळा लॉग-इन केलं, त्याला जास्त फायदा झाला. म्हणजे औषधाच्या गुणाइतकाच प्रश्न ते रोज घेतलं जातं का, याचा होता.

माणूस मुळीच नसलेला उपचारही करून पाहिला गेला. २०१३मधल्या 'व्हेटचेंज' या अभ्यासात बॉस्टनच्या संशोधकांनी फेसबुकवर जाहिराती देऊन दारूचं प्रमाण वाढलेले ६०० माजी सैनिक गोळा केले. आठ धडे, थेरपिस्ट नाही. दारू कमी झाली आणि पीटीएसडीची लक्षणंही उतरली. दवाखान्यात पाऊल न टाकणाऱ्या इतक्या लोकांपर्यंत पोचणं हेच मोठं होतं. पण गळतीही मोठी होती, अनेकांनी धडे मध्येच सोडले.

त्याआधी २०११मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं संरक्षण खात्याबरोबर 'पीटीएसडी कोच' हे ॲप बाजारात आणलं. फुकट, नाव-गाव न विचारणारं. ते उघडल्यावर वीस प्रश्नांच्या आसपासची एक प्रश्नावली भरून आपला त्रास मोजता येतो आणि महिन्यामहिन्याचा आलेख दिसतो. पण त्याचा खरा उपयोग भर रस्त्यात होतो. समजा, दुकानात कुणीतरी मागून मोठ्यानं ओरडलं आणि छाती धडधडायला लागली. ॲपमध्ये 'काहीतरी आठवलं' हे निवडायचं. पडद्यावर थर्मामीटर येतो, त्यावर शून्य ते दहामध्ये त्रास किती ते बोटानं दाखवायचं. मग एक साधन समोर येतं : श्वास मोजणं, एकेक स्नायू आवळून सैल सोडणं, किंवा आधी शांत व्हायचं, कशानं दचकलो ते ओळखायचं, आताची परिस्थिती तेव्हाच्याहून वेगळी कशी ते बघायचं आणि मगच काय करायचं ते ठरवायचं. साधन आवडलं नाही तर अंगठा खाली करायचा, मग ते पुढं येत नाही. आपल्या मुलीचा फोटो, आवडतं गाणं, रात्री-अपरात्री फोन करता येईल अशा मित्राचा नंबर हेही त्यात भरून ठेवता येतं. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, स्वीडन अशा देशांनी याच ॲपच्या आपापल्या आवृत्त्या काढल्या.

हे ॲप नुसतं दिलं तर काय होतं आणि सोबत माणूस दिला तर काय होतं, हे काइल पोसेमाटो यांनी २०१६मध्ये वीस माजी सैनिकांवर तपासलं. दहा जणांनी ॲप आपलं आपण वापरलं. बाकीच्या दहांना त्याबरोबर वीस-वीस मिनिटांच्या चार भेटी मिळाल्या. लक्षणं दोन्ही गटांत उतरली. डोळ्यात भरण्याइतका फरक मात्र एकट्यानं वापरणाऱ्यांपैकी तिघांत दिसला, भेटी मिळालेल्यांपैकी सात जणांत. एकूण ऐंशी मिनिटांचा माणूस! वीस जणांवरून कुणी निष्कर्ष काढत नाही. पुढच्या, दोनशेहून जास्त माजी सैनिकांच्या चाचणीत भेटींसह ॲप मिळालेल्यांची लक्षणं दवाखान्यातल्या नेहमीच्या उपचारांपेक्षा काही जास्त उतरली नाहीत. पण सुरुवातीची ही दिशा इतरत्रही दिसत राहिली.

सर्वांत भक्कम पुरावा वेल्समधून आला. कार्डिफ विद्यापीठात जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांनी 'स्प्रिंग' नावाचा आठ पायऱ्यांचा ऑनलाइन कार्यक्रम तयार केला आणि १९६ प्रौढांवर त्याची चाचणी घेतली. २०२२मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तिचे निष्कर्ष आले. एका गटाला थेरपिस्टबरोबर समोरासमोर बारापर्यंत सत्रं. दुसऱ्या गटाला स्प्रिंग, आणि सगळं मिळून फार तर तीन तास थेरपिस्ट. सोळा आठवड्यांनी ऑनलाइन गट मागे नव्हता. वर्षानंतरचं चित्र मात्र इतकं स्पष्ट राहिलं नाही. शिवाय हे रुग्ण सौम्य ते मध्यम त्रासाचे, एकाच प्रसंगानं हादरलेले होते. अपघातातून वाचलेला माणूस आणि तीन वेळा आघाडीवर जाऊन आलेला सैनिक यांच्या आठवणींचं ओझं सारखं नसतं.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं त्याआधीच, २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत, सावध शब्द वापरले होते. ज्यांना समोरासमोरच्या भेटीपेक्षा संगणक बरा वाटतो, त्यांना मदतनिसासह असा उपचार देण्याचा विचार करावा. मात्र लक्षणं तीव्र असतील, भान हरपत असेल, किंवा स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका असेल, तर नाही. कोक्रेनच्या २०२१च्या आढाव्यात इंटरनेटवरच्या अशा उपचारांच्या १३ चाचण्या आणि ८०८ रुग्ण होते. फायदा दिसला, पण त्या पुराव्याचा भरवसा आढावाकारांनी कमीच धरला.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही सारं आलबेल नाही. पॉला श्नर यांच्या २००७च्या चाचणीत २८४ महिला सैनिक व माजी सैनिक होत्या. समोरासमोर प्रोलाँग्ड एक्स्पोजर घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के अर्ध्यातून गेल्या. २०१५मध्ये लष्करी रुग्णांवरच्या चाचण्यांचा आढावा घेणाऱ्यांत पुन्हा ब्रेट लिट्झच होते. प्रोलाँग्ड एक्स्पोजर आणि कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग या दोन नामांकित पद्धतींनंतरही सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचं निदान कायम राहतं, असं त्या आढाव्यात निघालं. तेव्हा ॲप अपुरं आहे म्हणताना त्याची तुलना कुठल्याशा बिनचूक उपचाराशी करून चालत नाही.

मोबाइलवरच्या उपचारात आणखी एक मेख आहे : गुपित. कुणाला कळू नये म्हणूनच तर माणूस इथं येतो. 'बेटरहेल्प' या लोकप्रिय ऑनलाइन समुपदेशन कंपनीनं ग्राहकांची माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी दिल्याचं प्रकरण अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२३मध्ये धसाला लावलं, आणि कंपनीला ७८ लाख डॉलर मोजावे लागले. सरकारी ॲप नोंदी फोनमध्येच ठेवतं, ही त्याची जमेची बाजू अशा वेळी फार मोठी ठरते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध पुण्यातून जुळतो. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. १४४१६ हा तिचा नंबर मराठीसह अनेक भाषांत चालतो. डिसेंबर २०२३मध्ये सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात प्रायोगिक तत्त्वावर उघडला. घराघरातून फौजेत माणूस गेलेलं साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी असो, की सिन्नरकडचा एखादा निवृत्त हवालदार, त्यांना फोनवर माणूस मिळायची सोय झाली. अमेरिकेत आधी ॲप आलं आणि त्यात माणूस किती घालायचा याचा हिशेब मागाहून सुरू झाला. इथं गोष्ट उलट्या टोकानं सुरू झाली आहे. माणूस आधी आहे, दोन फोनच्या मधल्या आठवड्यात रुग्णानं करायचा रोजचा गृहपाठ त्याला जोडायचा आहे.

त्या जोडणीत खर्चाची बाब सॉफ्टवेअर फारशी नाही. व्यायाम एकदा नीट मराठीत बसवले की हजारोंना पुरतात. पगार लागेल तो आठवड्यातून एकदा रुग्णांची यादी बघणाऱ्याला, म्हणजे कुणी चार दिवस ॲप उघडलंच नाही हे ओळखून त्याला वीस मिनिटांचा फोन लावणाऱ्या नर्सला किंवा समुपदेशकाला. कार्डिफमध्ये तो हिशेब दर रुग्णामागे फार तर तीन तासांचा होता आणि पोसेमाटोंच्या पहिल्या अभ्यासात ऐंशी मिनिटांचा. इथला आकडा किती, हे इथल्याच रुग्णांवर मोजावं लागेल.