बटर कडक का झालं? गाईच्या खुराकातल्या फॅटची गोष्ट

तूप कढवायला आणलेलं बटर ओट्यावर ठेवूनही मऊ होत नाही, असं तुमच्याकडे झालंय का? 2021 च्या फेब्रुवारीत कॅनडात हीच तक्रार इतकी गाजली, की तिला 'बटरगेट' नाव पडलं. संशय होता गाईंच्या खाण्यातल्या पाम फॅटवर. म्हणजे दुधात पाम तेल मिसळतात का? नाही. ते गाईला खाऊ घालतात, आणि त्यामागे कारण आहे.

गाय व्यायल्यावर दूध झपाट्याने वाढतं, पण तिची भूक तेवढी वाढत नाही. मग ती अंगावरची चरबी वापरते, रोडावते आणि पुन्हा गाभण राहायला वेळ लागतो. धान्य भरपूर वाढवलं, तर पोटात आम्लता होते. फॅटमधून मात्र धान्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते.

पण नुसतं तेल ओतून चालत नाही. गाईच्या कोठीपोटात चारा पचवणारे सूक्ष्मजीव असतात, आणि जास्त तेलाने त्यांचं काम बिघडतं. म्हणून एकूण फॅट कोरड्या खाद्याच्या साधारण 6 ते 7 टक्क्यांच्या आत ठेवतात. त्यावर तोड म्हणजे 'बायपास फॅट'. यात फॅट कॅल्शियमशी बांधलेलं असतं किंवा त्याचे घट्ट दाणे केलेले असतात. ते कोठीपोटातून जवळजवळ तसंच पुढे जातं आणि आतड्यात पचतं. महाराष्ट्रातले दूध उत्पादकही ते याच नावाने विकत घेतात, कारण डेअरीत दर मिळतो तो फॅट आणि एसएनएफ बघून.

कॅनडातही हिशेब तोच. तिथला शेतकऱ्याचा कोटा लिटरमध्ये नाही, तर बटरफॅटच्या किलोंमध्ये मोजतात. कोविडच्या काळात घरोघरी बेकिंग वाढलं, बटरची मागणी वाढली. मी एमबीए केलेला माणूस, मला यात नवल वाटत नाही: ज्याचे पैसे मिळतात, तेच शेतकरी वाढवणार.

पामच्या फॅटमध्ये पामिटिक आम्ल भरपूर असतं. ते दुधातही उतरतं, आणि वितळतं सुमारे 63 अंश सेल्सियसला. त्यामुळे बटर कडक होऊ शकतं. पण हे आम्ल दुधात मुळातच असतं, आणि हिवाळ्यातल्या सुक्या चाऱ्यावरचं बटर उन्हाळ्यातल्या हिरव्या गवतावरच्या बटरपेक्षा कडक असतंच. म्हणून सगळा दोष पामवर टाकता येत नाही. तरी ग्राहकांनी आवाज उठवल्यावर 'डेअरी फार्मर्स ऑफ कॅनडा' या संघटनेने शेतकऱ्यांना पामऐवजी दुसरे पर्याय बघायला सांगितलं.

बटरच्या वेष्टनावर गाईचा खुराक लिहिलेला नसतो, कारण तो बटरचा घटक नाही. तेव्हा जवळच्या डेअरीला थेट विचारा: हिवाळ्यात गाईंना काय घालता? पाम फॅट देता का? आपण विचारलं, तरच उत्तर मिळेल.

भेटू पुढच्या भागात!