पेट्रोल एंजिनाच्या प्लग-वायरींची निवड

पावसाच्या पहिल्या सरीत जी मोटारगाडी चालू होण्यास कुरकुर करते आणि ऊन पडताच निमूटपणे चालू लागते, तिच्या बाबतीत दोष पुष्कळदा बॅटरीचा किंवा कार्ब्युरेटरचा नसून स्पार्क प्लगापर्यंत वीज नेणाऱ्या वायरींचा असतो. खेड्यापाड्यांतून मारुती ८००, ओम्नी, ॲम्बॅसडर आणि क्वचित जुनी पेट्रोल जीप या गाड्या अद्याप वापरात आहेत. भाजीपाला बाजारास नेणे, अडल्यावेळी रुग्णास तालुक्याच्या गावी पोहोचविणे ही कामे त्यांच्यावरच चालतात. मारुती ८०० व ॲम्बॅसडर यांचे उत्पादन २०१४ साली आणि ओम्नीचे २०१९ साली थांबले. त्यामुळे दुकानदार जो माल पुढे करील तो पारखून घेण्याची जबाबदारी आता मालकावरच आली आहे. ट्रॅक्टर व डिझेल पंप यांच्या मालकांना ही चिंता नाही. डिझेल एंजिनात इंधन दाबाच्या उष्णतेने पेटते, ठिणगीने नव्हे.

वायरीचे काम दिसते तितके साधे नाही. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. कॉइल तो वाढवून हजारो व्होल्टपर्यंत नेते. वेळप्रसंगी २०,००० व्होल्टही ओलांडले जातात. डिस्ट्रिब्यूटर ही वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगाकडे धाडतो. एवढ्या दाबाची वीज बाहेर पडण्यासाठी सदैव वाट शोधीत असते. वायरीच्या आवरणास केसाएवढी चीर गेली व तीत ओल शिरली की ठिणगी प्लगात न पडता एंजिनाच्या लोखंडावर उडते. मग तो सिलिंडर रिकामा धावतो. न जळलेले पेट्रोल वाया जाते, सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धुऊन नेते आणि गाडीची ओढही कमी होते.

मात्र दोष वायरींचाच आहे याची खात्री करून घेतल्याखेरीज पैसे खर्चू नयेत. प्लग काढून पाहावेत. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत आतून काळी बारीक रेघ उमटली आहे काय तेही पाहावे. त्यानंतर रात्री अंधारात एंजिन चालू ठेवून बॉनेट उघडावे. वायरींवर निळसर ठिणग्या किंवा झळाळी दिसल्यास निदान झाले. या वेळी वायरीस हात लावू नये आणि इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन असलेल्या गाडीत वायर प्लगावरून काढून लोंबकळत ठेवू नये. त्याने कॉइल निकामी होऊ शकते.

बाजारात मुख्यतः तीन जातींच्या वायरी मिळतात. पहिलीच्या गाभ्यात तांब्याच्या तारा असतात. ती टिकाऊ असते, परंतु तिला विद्युत्-रोध जवळजवळ नसल्याने ठिणगीबरोबर उठणाऱ्या लहरी रेडिओत खरखर उत्पन्न करतात. प्लॅटिनम पॉइंट असलेल्या जुन्या जीपमध्ये ती चालते. संगणकीय नियंत्रणाच्या गाडीत मुळीच घालू नये. दुसरीचा गाभा कार्बन मुरविलेल्या काचतंतूंचा असतो. तिचा रोध मीटरला साधारणतः दहा-वीस हजार ओहम असतो. ती स्वस्त आहे. पण ओढाताण झाली की गाभा आतल्या आत तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तिसरीत बारीक पोलादी तार गाभ्याभोवती मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेली असते. तिचा रोध कमी, तरी ती लहरी दाबते व पुष्कळ टिकते. दोनचार वर्षे गाडी ठेवावयाची असेल, तर थोडे अधिक पैसे देऊन हीच घेणे शहाणपणाचे.

जाड व भडक रंगाची वायर घेतल्याने गाडीचा जोर वाढतो, असे काही विक्रेते सांगतात. त्यात तथ्य नाही. प्लगाच्या फटीतून उडी मारण्यास जेवढा दाब लागतो तेवढाच चढतो. चांगली वायर तो वाटेत गळू देत नाही, एवढेच.

आवरणाकडे मात्र बारकाईने पाहावे. साधे रबर उष्णतेने कडक होऊन तडकते. सिलिकोनचे आवरण सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णता सोसते, म्हणून धुराच्या नळीजवळून जाणाऱ्या वायरींस ते उत्तम. पण ते मऊ असल्याने घासले की फाटते.

वायर तुटली असता घरच्या विजेच्या वायरीचा तुकडा जोडण्याची युक्ती अनेक ठिकाणी केली जाते. त्या वायरीवर ११०० व्होल्ट असे छापलेले असते, आणि येथे दाब त्याच्या कितीतरी पट. अशी वायर पेट्रोलच्या नळीजवळ ठिणग्या टाकू लागली तर गाडी पेट घेण्यास वेळ लागणार नाही. चिकटपट्टी गुंडाळणे हाही उपाय नव्हे.

खरेदीस जाताना जुना संच बरोबर न्यावा. लांबी तंतोतंत जुळावी. आखूड वायर ताणली जाते, लांब वायर तापलेल्या भागावर टेकते. कार्ब्युरेटरच्या मारुती ८००च्या संचात तीन प्लगांच्या तीन व कॉइलची एक अशा चार वायरी असतात. चार सिलिंडरच्या ॲम्बॅसडरला पाच लागतात. प्लगाच्या क्रमांकात आर हे अक्षर असेल तर बहुधा प्लगातच रोध बसविलेला असतो, हेही दुकानदारास सांगावे.

एंजिन थंड झाल्यावर वायरी एकेक करून बदलाव्यात. सर्व एकदम काढल्या की क्रम चुकतो. ॲम्बॅसडरमध्ये तो १-३-४-२ आणि मारुती ८००मध्ये १-३-२ असा आहे. काढताना वायर न ओढता रबरी टोपी धरून थोडी पिरगाळावी. बसविताना टोक घट्ट बसल्याचा खटका जाणवला पाहिजे. टोपीच्या आत सिलिकोन ग्रीसचे बोट फिरविल्यास ओल शिरत नाही. चाकाचे ग्रीस लावू नये. जुन्यांपैकी सर्वांत लांब वायर शाबूत असेल, तर ती पुसून गाडीत ठेवावी. वाटेत उंदराने कुरतडलेली एखादी वायर निकामी झाली, तर कोणत्याही सिलिंडरला ती पुरते.