सिद्धता आणि रीत : गणित–संगणकशास्त्राची जोडपदवी

गणित आणि संगणकशास्त्र यांची एकत्र पदवी म्हणजे संगणक अभियांत्रिकीला जोडलेले गणिताचे चार पेपर नव्हेत, आणि बीएस्सी गणिताच्या कडेला चिकटवलेला प्रोग्रॅमिंगचा वर्गही नव्हे. या अभ्यासक्रमात दोन्ही विषय पहिल्या सत्रापासून बरोबरीने चालतात आणि दोन्हींत विद्यार्थ्याकडे एकच मागणी असते : जे म्हणायचे ते सिद्ध करून दाखवायचे. भारतात हा अभ्यासक्रम याच रूपात चालवणारी ठळक संस्था म्हणजे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, अर्थात सीएमआय. तिथे १९९८ पासून गणित व संगणकशास्त्राची तीन वर्षांची बीएस्सी ऑनर्स पदवी शिकवली जाते.

या संस्थेच्या मागे उभे होते सी. एस. शेषाद्री. कांचीपुरमला १९३२ मध्ये जन्मलेले शेषाद्री मद्रासच्या लॉयोला कॉलेजातून शिकून १९५३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, दाखल झाले आणि पुढची सुमारे तीस वर्षे तिथेच राहिले. एम. एस. नरसिंहन् यांच्याबरोबर त्यांनी १९६५ मध्ये सिद्ध केलेले प्रमेय आजही या दोघांच्या नावाने जगभर ओळखले जाते. १९८४ मध्ये ते मद्रासला परतले आणि १९८९ मध्ये स्पिक या खतकंपनीच्या सायन्स फाउंडेशनमध्ये त्यांनी गणिताचा विभाग सुरू केला. सीएमआयचे बीज ते.

शेषाद्रींनी हात घातलेली अडचण जुनी होती. स्वातंत्र्यानंतर देशात मूलभूत संशोधनाच्या संस्था उत्तम उभ्या राहिल्या, पण त्या महाविद्यालयांपासून वेगळ्या पडल्या. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना शिकवणारे संशोधन करत नव्हते आणि संशोधन करणाऱ्यांच्या वर्गात ही मुले येत नव्हती. संशोधकांनीच पहिल्या वर्षाचा वर्ग घ्यावा, या विचारातून पदवी सुरू झाली. संस्थेला तेव्हा स्वतःची पदवी देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून सुरुवातीच्या तुकड्यांना मध्य प्रदेशातील भोज मुक्त विद्यापीठाची पदवी मिळे. टी. नगरमधल्या जागेतून संस्था २००५ मध्ये शहराच्या दक्षिणेला सिरुसेरी इथल्या स्वतःच्या आवारात गेली आणि २००६ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एका मुक्त विद्यापीठाच्या पदवीवर विसंबून देशातली हुशार मुले चेन्नईला जात राहिली. पदवीच्या कागदापेक्षा वर्गात काय शिकवले जाते याला त्यांनी अधिक मोल दिले, ही मोठीच गोष्ट.

प्रवेश परीक्षेवरूनच अभ्यासाची जात कळते. तिच्यात थोडक्यात उत्तर द्यायचे प्रश्न असतात, तसेच पूर्ण सिद्धता लिहून मागणारेही. गणित ऑलिंपियाडच्या वरच्या टप्प्यांपर्यंत पोचलेल्यांचा प्रवेशासाठी वेगळा विचार होतो. मुंबईत मानखुर्दला असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या ऑलिंपियाडचे देशातले मुख्य केंद्र आहे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला दहावीच्या भूमितीत ‘पक्ष, साध्य, रचना, सिद्धता’ अशी मांडणी शिकवलेली असते. अकरावी-बारावीची दोन वर्षे मात्र चार पर्यायांतला बरोबर पर्याय वेगाने हेरण्यात जातात आणि ती मांडणी हातची सुटते. जेईईत वरचा क्रमांक मिळवणाऱ्यालाही सिद्धतेचा प्रश्न जड जातो तो यामुळे. उत्तर ठाऊक असते, पण ते बरोबर का, हे तीन ओळींत सलग लिहिता येत नाही. ही सवय बारावीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकाच्या आधारानेही लावता येते. सूत्र दिसले की ते कुठून आले हे वही घेऊन स्वतः लिहून काढायचे, एवढ्याने बरीच तयारी होते.

पहिल्या वर्षी गणिताचे दोन मोठे प्रवाह सुरू होतात. एक विश्लेषणाचा : बारावीत ‘जवळ जवळ जाते’ असे म्हणून वापरलेली सीमा इथे काटेकोर व्याख्येत बसवली जाते आणि कलनशास्त्र त्या पायावर पुन्हा उभे केले जाते. दुसरा बीजगणिताचा : सारणी, सदिश अवकाश आणि त्यानंतर ग्रुप, रिंग, फील्ड या रचना. जोडीला मोजणीचे आणि आलेखांचे गणित, ज्याला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स म्हणतात, आणि प्रोग्रॅमिंग. सीएमआयमध्ये प्रोग्रॅमिंगची सुरुवात हॅस्केल या भाषेने होते. या भाषेत प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला दिलेल्या हुकमांची यादी नसते. फलांच्या व्याख्या लिहायच्या असतात, आणि त्या गणितातल्या व्याख्यांसारख्याच वाचता येतात. शाळेत संगणकावर बराच सराव केलेले मूल आणि कधीच प्रोग्रॅम न लिहिलेले मूल यांच्यातले अंतर त्यामुळे बरेच कमी होते.

दोन्ही विषय कुठे एक होतात, हे पाहण्यासाठी मसाविचे उदाहरण पुरेसे आहे. शाळेत दोन संख्यांचा महत्तम साधारण विभाजक काढायला त्यांचे मूळ अवयव पाडायला सांगतात. युक्लिडची रीत वेगळी आहे : मोठ्या संख्येला लहानीने भागायचे, मग भाजकाला बाकीने भागायचे, आणि बाकी शून्य येईपर्यंत असेच करत राहायचे. १०७१ आणि ४६२ घेतल्यास १०७१ ला ४६२ ने भागून बाकी १४७ उरते. ४६२ ला १४७ ने भागून बाकी २१. १४७ ला २१ ने नि:शेष भाग जातो. मसावि २१.

पदवीचा अभ्यास या उत्तरानंतर सुरू होतो. पहिला प्रश्न, रीत बरोबर कशावरून? जी संख्या भाज्य आणि भाजक या दोघांना भागते ती बाकीलाही भागतेच. उलट, जी भाजकाला आणि बाकीला भागते ती भाज्यालाही भागते. म्हणून प्रत्येक पायरीवर साधारण विभाजकांचा संच तोच राहतो, बदलतात फक्त संख्या. दुसरा प्रश्न, रीत थांबेल कशावरून? बाकी दर वेळी भाजकाहून लहान असते आणि ऋण कधी होत नाही. धन पूर्णांकांना सतत उतरत राहायला जागाच नाही. तिसरा प्रश्न, वेळ किती लागेल? फ्रेंच गणिती गॅब्रिएल लामे यांनी १८४४ मध्ये दाखवले की भागाकारांची संख्या लहान संख्येतील अंकांच्या पाचपटीहून अधिक कधीच होत नाही. १३ आणि ८ घेऊन पाहावे : बाकी ५, ३, २, १ आणि शेवटी ०. पाच भागाकार, आणि ८ ही एकअंकी संख्या. म्हणजे लामे यांची मर्यादा इथे तंतोतंत गाठली जाते. १३, ८, ५, ३, २, १ हा फिबोनाचीचा क्रम आहे आणि युक्लिडच्या रीतीला सर्वाधिक दमवणाऱ्या जोड्या याच क्रमातून येतात, हेही सिद्ध करता येते.

या तिसऱ्या प्रश्नाचे मोल मोठ्या संख्यांत कळते. हजार-हजार अंकी दोन संख्यांचा मसावि या रीतीने पाच हजार भागाकारांच्या आत निघतो. संगणकाला हे क्षणाचे काम. त्याच संख्यांचे मूळ अवयव पाडायचे म्हटले तर आज माहीत असलेल्या कोणत्याही रीतीने सामान्य संगणकाला ते साधणार नाही. शाळेतली रीत चुकीची नाही, पण ती वापरण्याजोगी नाही. बरोबर रीत आणि परवडणारी रीत यांतला हा फरक संगणकशास्त्राने गणिताला दिला.

युक्लिडच्या पायऱ्या उलट्या चढल्या तर आणखी एक गोष्ट हाती येते : २१ = ७ × ४६२ − ३ × १०७१. असे गुणक शोधण्याची भारतीय रीत म्हणजे आर्यभटाने सांगितलेले आणि भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त विस्ताराने मांडलेले कुट्टक. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७ मध्ये मठ काढल्याची नोंद आहे. कुट्टकाचे तेच गणित आज १९७७ च्या आरएसए या कूटलेखन पद्धतीत किल्ली तयार करताना वापरले जाते.

दुसऱ्या वर्षापासून अल्गोरिदमचे स्वतंत्र शास्त्र आणि संगणनाचा सिद्धांत येतात. संगणनाच्या सिद्धांतात अगदी साध्या यंत्रांपासून सुरुवात होते. केवळ तीन अवस्था असलेले यंत्र ० आणि १ यांत लिहिलेली कितीही लांब संख्या डावीकडून एकेक अंक वाचत जाऊन ३ ने नि:शेष भागते की नाही हे सांगू शकते, कारण त्याला फक्त आतापर्यंतची बाकी लक्षात ठेवायची असते. इथून पायरीपायरीने ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या निष्कर्षापर्यंत जायचे असते : कोणताही प्रोग्रॅम दिला असता तो कधीतरी थांबेल की नाही, हे अचूक सांगणारा प्रोग्रॅम असू शकत नाही.

या निष्कर्षाची सिद्धता अर्ध्या पानात मावते. असा परीक्षक आहे असे समजू. त्याचा उपयोग करून एक उलटा प्रोग्रॅम रचायचा : त्याला कोणताही प्रोग्रॅम दिला की तो परीक्षकाला विचारतो, ‘हा प्रोग्रॅम स्वतःचाच मजकूर वाचायला दिल्यावर थांबेल का?’ उत्तर ‘थांबेल’ आले तर उलटा प्रोग्रॅम अखंड चालत राहतो. ‘थांबणार नाही’ आले तर लगेच थांबतो. आता या उलट्या प्रोग्रॅमला त्याचाच मजकूर द्यायचा. तो थांबला तर परीक्षक खोटा ठरतो, न थांबला तरीही खोटाच ठरतो. म्हणून तसा परीक्षक नाही. विश्लेषणाच्या वर्गात, वास्तव संख्यांची क्रमवार यादी करता येत नाही हे दाखवणारा कॅंटर यांचा १८९१ चा कर्णयुक्तिवाद शिकलेल्या विद्यार्थ्याला ही सिद्धता ओळखीची वाटते, कारण दोन्हींच्या तळाशी युक्तिवाद एकच आहे. दोन विषय एकाच वेळी शिकण्याचा खरा लाभ अशा ठिकाणी मिळतो आणि तो कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही. ट्युरिंग यांच्या निष्कर्षाला व्यवहारातही अर्थ आहे. प्रत्येक प्रोग्रॅममधली प्रत्येक चूक आपोआप शोधणारे साधन कधीच बनणार नाही. मग कोणत्या प्रकारच्या प्रोग्रॅमची खातरी देता येते, हा प्रश्न उरतो, आणि सीएमआयमधल्या संगणकशास्त्रज्ञांचा एक मोठा गट तर्कशास्त्र आणि स्वयंचल यंत्रांच्या आधारे त्यावर काम करत आला आहे.

पदवीच्या वयात दोन्ही विषय हाताशी असले की काय घडू शकते, याचे उदाहरण आयआयटी कानपूरचे आहे. ऑगस्ट २००२ मध्ये मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि कमी वेळात ठरवणारी रीत जाहीर केली. कयाल आणि सक्सेना यांनी त्याच वर्षी तिथूनच संगणकशास्त्राची बी.टेक. पूर्ण केली होती, आणि या कामाची सुरुवात त्यांच्या पदवीच्या प्रकल्पात होती. रीतीचे मूळ बीज बारावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल असे आहे. (क्ष + १) चा पाचवा घात उलगडला की सहगुणक येतात १, ५, १०, १०, ५, १. मधल्या सगळ्यांना ५ ने भाग जातो. सहावा घात उलगडला की येतात १, ६, १५, २०, १५, ६, १, आणि इथे १५ व २० यांना ६ ने भाग जात नाही. मूळ संख्येच्या बाबतीत मधले सगळे सहगुणक तिने भागले जातात आणि संयुक्त संख्येच्या बाबतीत एखादा तरी अडतोच. कसोटी निर्दोष आहे, पण शंभर अंकी संख्येसाठी एवढे सहगुणक लिहायला विश्व पुरणार नाही. त्या तिघांनी पूर्ण बहुपदीऐवजी (क्षच्या एका लहान घातातून १ वजा करून येणाऱ्या बहुपदीने भागल्यावर) उरणारी बाकीच तपासायची ठरवली आणि अशा थोड्या तपासण्या पुरतात हे सिद्ध केले. रीत संगणकशास्त्राची आणि तिच्या बरोबरपणाची सिद्धता बीजगणिताची. त्यांचा शोधनिबंध २००४ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये त्याला गोडेल पारितोषिक मिळाले. प्रत्यक्ष वापरात मात्र याहून जुनी, यदृच्छेचा आधार घेणारी मिलर–राबिन कसोटीच अधिक वेगाने चालते.

या अभ्यासाचा रोजचा दिनक्रम पाहिला तर व्याख्यानांपेक्षा गृहपाठाच्या प्रश्नांवर अधिक वेळ जातो. एकेका प्रश्नाशी दोन-दोन दिवस झुंजावे लागते आणि त्यातून काही सुटत नाहीत. शाळेत कायम पहिल्या आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात याचा धक्का बसतो. घरच्यांनी तो क्षमतेचा निवाडा समजू नये. फळ्यावर सिद्धता मांडताना सोबत्यांनी पकडलेली चूक हीच इथली खरी शिकवणी असते. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी पुस्तकांचा सुरुवातीला त्रास होतो, पण गणिताच्या पुस्तकातली शब्दसंपत्ती मर्यादित असते आणि एका सत्रात तो अडसर बराचसा सरतो. ज्याला ॲप किंवा संकेतस्थळे बनवायची ओढ आहे, त्याने मात्र ही वाट धरू नये. ती कौशल्ये इथे ओघाओघाने येतात, मुख्य विषय म्हणून नाही.

पदवीनंतर बरेच जण गणितात किंवा संगणकशास्त्रात एमएस्सी आणि पुढे पीएचडी करतात, सीएमआयमध्ये, टीआयएफआरमध्ये किंवा परदेशात. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरशी असलेल्या देवघेवीच्या योजनेतून सीएमआयच्या निवडक विद्यार्थ्यांना तिथे काही काळ राहून काम करता येते. नोकरीकडे वळणाऱ्यांना विदाशास्त्र, वित्तसंस्था आणि सॉफ्टवेअर ही क्षेत्रे खुली असतात. शुद्ध गणिताकडे ओढा असणाऱ्यांसाठी भारतीय सांख्यिकी संस्थेचा बेंगळुरूचा बी.मॅथ. हा जवळचा पर्याय आहे, संख्याशास्त्राकडे कल असेल तर तिचाच कोलकात्याचा बी.स्टॅट. पुण्यातल्या आयसरमध्ये विज्ञानाच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात गणिताचा मुख्य विषय म्हणून अभ्यास करता येतो. या प्रत्येक ठिकाणची प्रवेश प्रक्रिया वेगळी असते, त्यामुळे बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच तिचे वेळापत्रक पाहून ठेवावे लागते.