हिवतापाची काळी खूण

मलेरियाचा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि तिथलं हिमोग्लोबिन खाऊ लागतो. प्रथिन पचतं, पण उरलेला लोहयुक्त हीम त्याच्यासाठी जहर असतो. मग हा एकपेशीय जीव त्या जहराचे चक्क स्फटिक बनवतो! एक मायक्रोमीटरहून लहान, तपकिरी-काळे. नाव हीमोझॉइन. क्लोरोक्विन हे औषध नेमकी हीच क्रिया अडवतं, आणि परजीवी स्वतःच्याच जेवणाच्या विषानं मरतो.

याच काळ्या कणांनी दोनदा वाट दाखवली आहे. 1880 मध्ये अल्जीरियात डॉक्टर लाव्हरान रुग्णांच्या रक्तातलं हे रंगद्रव्य तपासत होते, तेव्हा त्यांना परजीवी दिसला. 1897 मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठराच्या भिंतीत तेच कण ओळखले, आणि मलेरिया डासातून पसरतो या तर्काला आधार मिळाला.

आता त्यांच्यावर प्रकाश टाकून निदान करण्याची धडपड सुरू आहे. स्फटिकांतल्या लोहामुळे ते चुंबकाला दाद देतात आणि ध्रुवित प्रकाशावरही परिणाम करतात. बुडापेस्टच्या भौतिकशास्त्रज्ञांनी या दोन गुणांची सांगड घातली. रक्ताच्या पेशी फोडायच्या, नमुन्याभोवती चुंबक फिरवायचे आणि आरपार लेझर सोडायचा. वाऱ्यावर शेतातली कणसं एकाच बाजूला झुकावीत तसे सगळे स्फटिक चुंबकामागे वळतात, आणि पलीकडे पोचणारा प्रकाश त्याच तालात कमी-जास्त होतो. निरोगी रक्तात हा ताल उमटत नाही. ना रंगद्रव्यात बुडवलेली काचपट्टी, ना सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास झुकलेले डोळे! गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांसारख्या ठिकाणी, जिथे प्रयोगशाळा दूर आणि ताप जवळ असतो, तिथे अशा स्वस्त यंत्राचं मोल फार मोठं ठरेल.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. पेशीत नुकत्याच शिरलेल्या परजीवीकडे स्फटिक फारच थोडे असतात. जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियात तर वयात आलेले परजीवी असलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, म्हणून बोटातून घेतलेल्या थेंबात बहुतेक कोवळेच सापडतात. उलट आजार बरा झाल्यावरही पांढऱ्या पेशींनी गिळलेले स्फटिक काही काळ रक्तात फिरत राहतात. म्हणजे यंत्रानं हो म्हटलं तरी परजीवी जिवंत आहे की नाही, हे वेगळं तपासावं लागतं.