सावलीचे राखणदार

कर्नाटकात हुलिकल ते कुदूर या रस्त्याच्या कडेने ज्यांनी ३८५ वड वाढविले, त्या तिम्मक्का २०२५ साली निवर्तल्या. कन्नडात ‘सालुमरद’ म्हणजे झाडांची रांग. लोकांनी हेच बिरुद त्यांच्या नावाआधी जोडले होते. झाडे लावणारी बाई म्हणून त्यांची कीर्ती झाली. पण रोप लावणे हा त्या कामातला सर्वांत सोपा भाग. खरे कष्ट होते ते कोसभराहून अधिक अंतर पाणी वाहून नेण्याचे, आणि गुरांनी तोंड लावू नये म्हणून प्रत्येक रोपाभोवती काटेरी कुंपण घालण्याचे. पतिपत्नींनी ते वर्षानुवर्षे उपसले.

शहरातल्या झाडाला गुरांचे भय आता फारसे उरलेले नाही. त्याचे वैरी निराळे आहेत, आणि ते दिसायला अगदी निरुपद्रवी असतात.

खिळ्याचेच पाहा. शिकवणीवर्गाची पाटी, भाड्याच्या खोलीची जाहिरात, दिव्यांची माळ, सारे काही आपण झाडावर ठोकतो. झाड वाढेल तसा खिळाही वर सरकेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. झाडाची उंची वाढते ती शेंड्यांकडून. खोड फक्त जाड होते. म्हणून खिळा आहे त्याच उंचीवर राहतो आणि हळूहळू आत गिळला जातो. सालीच्या आतल्या अंगाला एक पातळ जिवंत थर असतो. पानांनी उन्हात रांधलेले अन्न या थरातूनच मुळांकडे उतरते. खिळ्याने तो जागोजाग तुटतो, आणि त्या भोकातून बुरशीला वाट मिळते.

२०१८ साली पुण्यात ‘अंघोळीची गोळी’ असे मिश्कील नाव धारण करणाऱ्या तरुणांच्या संस्थेने झाडे खिळेमुक्त करण्याची मोहीम सुरू केली. या कामाला पक्कड, हातोडी आणि सुटीची एक सकाळ पुरते. मात्र एक पथ्य पाळावे लागते: जो खिळा सालीने पुरता झाकून टाकला आहे, तो उकरून काढू नये. जुना खिळा परवडला, नवी जखम नको.

रोपाच्या रक्षणासाठी बसविलेल्या लोखंडी जाळीची कथा याहून करुण आहे. रोपाचे झाड झाले, तरी ती काढण्याची आठवण कोणाला राहत नाही. मग तीच खोडात रुतते. तो जिवंत थर चोहोबाजूंनी तुटला, की आधी मुळे उपाशी मरतात आणि मागाहून झाड.

तिसरा वैरी सिमेंट. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दोनएक फुटांतच पसरलेली असतात. बुंध्याला भिडवून फरशी केली, म्हणजे हवा आणि पाणी दोन्ही बंद. गावच्या वडाला आपल्या पूर्वजांनी पार बांधला तो दगडाचा खरा, पण त्याच्या पोटात माती होती! पावसाळ्यात झाड उन्मळून मोटारीवर पडले, की आपण झाडाला दोष देतो. शेजारी कोणी चर खणून त्याची मुळे तोडली, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

दिल्लीच्या सर्वोदय एन्क्लेव्ह वसाहतीतील रहिवाशांनी आपल्या गल्ल्यांतील झाडांची स्वतःच गणना केली, आणि किती बुंधे सिमेंटात अडकले आहेत हेही टिपले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढण्याचा आदेश दिला. एक मीटर म्हणजे फार नव्हे; पण मोजपट्टी घेऊन जाणाऱ्याला बोट ठेवण्यास जागा झाली.

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. झाडाला कोणत्याही रीतीने इजा करणे हे त्याने ‘तोडणे’ या शब्दातच धरले आहे. माझ्या मते खिळाही त्यात बसावा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसावृक्षाचा मान मिळाला. झाड तोडण्यापूर्वी जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना वाचतो कोण? ज्याने त्या झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर आणि बुंध्याची स्थिती आधीच वहीत नोंदवून ठेवली आहे, तोच. ‘हे झाड वाळलेले आहे’ असे कागदावर लिहून आले, तर मागच्या चैत्रात त्याला पालवी फुटली होती हे तारखेनिशी दाखविणारी वही त्याच्यापाशी असते.