पाण्यातल्या सात बहिणी

कल्याणपुढे अंबरनाथला उतरलं की वालधुनीच्या काठी शिलाहारांच्या काळचं शिवमंदिर आहे. त्यातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा. मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर दगडी अप्सरा उभ्या आहेत. आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी जुन्या विहिरीपाशी, डोहाकाठी शेंदूर फासलेले सात तांदळे मांडलेले दिसतात. त्या साती आसरा. नवल असं की ही दोन्ही नावं मुळात एकच आहेत.

‘मत्स्य’चा प्राकृतात ‘मच्छ’ झाला आणि मराठीत ‘मासा’. ‘वत्स’चं ‘वच्छ’ झालं, त्यातून आपलं ‘वासरू’ आलं. त्याच वाटेने ‘अप्सरा’ प्राकृतात ‘अच्छरा’ झाली आणि मराठीत येता येता ‘आसरा’. कुणी ठरवून केलं नाही, बोलता बोलता झालं! आश्रय या अर्थाचा ‘तो आसरा’ मात्र निराळा. ही ‘ती आसरा’, आणि बहुधा सातजणींच्या मेळ्यातच असते.

‘अप्सरा’तला अप् म्हणजे पाणी. इंद्राच्या दरबारातल्या नर्तकीच आपल्याला ठाऊक असतात, पण शतपथ ब्राह्मणात राजा पुरूरव्याला अप्सरा दिसतात त्या तळ्यात पोहणाऱ्या पाणपक्ष्यांच्या रूपात. माझ्या मते गावाने अप्सरेचं हे पाण्यातलं घरच जपलं. बायका तिथे आसरांची खणानारळाने ओटी भरतात, हिरव्या बांगड्या वाहतात. पाण्यात कुणी बुडालं तर ‘आसरांनी ओढलं’ म्हणतात, आणि पाण्यावरून आल्यावर कुणी आजारी पडलं तर ‘आसरा लागल्या’. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी 1962 च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त पुरूरव्याच्या उर्वशी या अप्सरेचाही शोध घेतला आणि आपल्या गावाकडच्या मावलायांचाही, म्हणजे अशाच पाणदेवतांचाही, ते उगाच नव्हे.

पाणी, रूप आणि आजार यांची अशीच सांगड दुसरीकडेही दिसते. दूर इंग्लंडात, अंबरनाथचं देऊळ उभं राहिलं त्याच्या शंभरेक वर्षं आधी, वैद्यकाच्या एका जुन्या इंग्रजी पोथीत एका आजारावर उपाय लिहिला गेला. त्या आजाराच्या नावात पाणी, एल्फ (तिकडच्या लोककथांतला अमानवी जीव) आणि रोग हे तिन्ही शब्द जोडलेले आहेत. त्याच जुन्या इंग्रजीत विलक्षण देखण्या स्त्रीला ‘एल्फसारखी सुंदर’ अर्थाचं विशेषण होतं. रूपाने भुलवणारी आणि आजाराने झपाटणारी, दोन्ही एकाच शब्दात.

मराठीत एल्फसाठी सहसा ‘परी’ लिहितात. तो शब्द फारसीतून आलेला, गोड आणि निरुपद्रवी. पाण्यातल्या एल्फची गोष्ट मराठीत आणणाऱ्याने एकदा तरी ‘आसरा’ हा शब्द वापरून पाहावा.